पहिला पाट

गुडघ्याच्या वाटीला तार बांधून धुळ्याच्या दवाखान्यातून मला घरी सोडलं, तेव्हा कागदाच्या शेवटी एक ओळ होती. फिजिओथेरपी. डॉक्टर म्हणाले, "नाहीतर गुडघा वाकणार नाही." मी म्हणालो, जन्म औतामागे गेला, मला कोण व्यायाम शिकवणार? ती ओळ खोडून टाका. त्यांनी मान हलवली. मी खूश होऊन गाडीत बसलो.

मग महिनाभर खाटेवर पाय ताठ करून बसलो. श्रावण जवळ आला नि आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा दिवस दिसायला लागला. आमच्याकडे कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला बठ्ठे, एकूणएक भाऊबंद जमिनीवर एका ओळीत बसतात. घरातला सगळ्यात मोठा पुरुष पहिल्या पाटावर. त्याने घास घेतल्याशिवाय कोणी घेत नाही, तो उठल्याशिवाय कोणी उठत नाही. थोरला भाऊ गेल्यापासून तो पाट माझा.

धाकटा भाऊ पाय बघायला आला. गोड बोलून गेला, "भाऊ, यंदा तुमले खुर्ची देसूत. पाटवर मी बठसू."

त्याच संध्याकाळी मी सुनेला म्हणालो, मोबाईलमध्ये बघ, ते गुडघा वाकवणारे जवळ कोण आहेत.

मोबाईलने पहिला दाखवला तो सेंधव्याचा. मोबाईलला जवळच असेल, पण आमच्या नि त्याच्या मधे सातपुडा आहे. सून हसली नि म्हणाली, आधी विम्याचं विचारू. मुलाच्या नोकरीत आम्हा म्हाताऱ्या-म्हातारीचाही विमा आहे. कार्डामागच्या नंबरावर तिने फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. शेवटी एक बाई बोलली. दवाखान्यातून सुटल्यावर साठ दिवसांपर्यंतचा असा खर्च मिळतो, पण डॉक्टरने लिहून दिलेलं पाहिजे.

सुनेने बोटांवर मोजलं. "आबा, पस्तीस दिन तं तुमी खाटवरच काढात."

"पंचवीस उरले ना?" मी म्हणालो.

मग तिने शिरपूरला फोन लावले. पहिल्याने विमा ऐकताच फोन ठेवला. दुसरी बाई होती. म्हणाली, कार्ड इथे चालत नाही, पैसे तुम्ही भरा. मी नोंदणी नंबर घालून पक्कं बिल देते, ते कंपनीकडे पाठवा. "डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना?"

सुनेने ट्रंकेतून कागद काढला. खोडायला मीच सांगितलं होतं. ओळ तशीच होती. डॉक्टरने नुसती मान हलवली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं ऐकलं नाही याचं बरं वाटलं.

शिरपूरची बाई म्हणजे माझ्या नातीच्या वयाची पोर निघाली. गुडघा किती अंश वाकतो ते मोजायला तिने प्लास्टिकची पट्टी लावली. "आजोबा, चाळीस."

"पास व्हायला किती लागतात?"

"पाटावर बसायचं तर शंभराच्या पुढे."

मी दुसरीतून शाळा सोडली. तेव्हाही मास्तरांनी चाळीसच्या वर कधी दिले नाहीत.

ती पाय वाकवायची नि म्हणायची, दुखलं तर सांगा. मी म्हणायचो, दुखत नाही. ती म्हणायची, "मग पलंगाची दांडी सोडा."

रोज बसने गेलो. साठ झाले, ऐंशी झाले. कानबाईच्या आदल्या दिवशी तिने खाली पाट ठेवला आणि मी बसलो. मांडी नाही, पाय थोडा पुढे, पण बसलो. ती दोन हातांनी धरून मला उठवत म्हणाली, "बसणं आलं. उठणं राहिलंय. चार दिवस अजून या." मी म्हणालो, बसलेला माणूस उठतोच. बिलं घेतली आणि निघालो.

कानबाईला मी पहिल्या पाटावर बसलो. धाकट्याने आणलेली खुर्ची भिंतीशी रिकामी राहिली. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. सगळ्यांची जेवणं झाली, उष्टे हात सुकले, पोरं चुळबुळ करायला लागली. मी उठू बघितलं. गुडघा हलेना. मी खीर मागितली. ती संपवून पुन्हा मागितली. मग सगळ्यांना यंदाच्या कापसाचं सांगायला लागलो.

"भाऊ, उठा ना आते," धाकटा म्हणाला. "कापूस येवाले टाईम शे."

आमच्यात सून सासऱ्याला हात देत नाही. माझी सून पदर सावरून आली, ताट उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. हळूच म्हणाली, "आबा, खांदा धरा."

मी धरला. उठलो. सगळी ओळ उठली. धाकट्याने पाहिलं, आणि खुर्ची उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी शिरपूरला. ती पोर पट्टी काढत म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर येणार नव्हता."

"विम्याचे चार दिवस उरले होते," मी म्हणालो. "वाया कशाला घालवायचे?"