आम्हाला काही म्हणजे काही नको

आमच्या झाशीतल्या मराठी घरांना एक जुनं दुखणं होतं: मुलीला स्थळ हवं ते पुण्याचंच. माझे बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे, चार पुस्तकं वाचलेले, पण या दुखण्यातून तेही सुटले नव्हते. पुण्याची मंडळी नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी मला बघायला येणार म्हटल्यावर त्यांनी बड्या बाजारातून एवढी मिठाई आणली की शेजाऱ्यांना वाटलं, लग्न उरकलंसुद्धा.

मुलाचे वडील बसता बसताच म्हणाले, "आम्हाला काही म्हणजे काही नको. फक्त मुलगी द्या." एवढं मराठीत. पुढचं सगळं इंग्रजीत. फ्रिजसाठी त्यांनी 'विश' केलं, स्कूटरसाठी 'होप' आणि दागिन्यांसाठी 'एक्स्पेक्ट'. मराठीत मागायला लाज वाटत असावी. इंग्रजीत ती वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा स्वयंपाकघरात आले तेव्हा आई पोह्यांच्या बशा पुन्हा भरत होती आणि मी बाहेरचं ऐकत चहा गाळत होते. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. "काय म्हणतायत हो? यांना चाहिए तरी काय?"

झालं, बाबांमधला मास्तर जागा झाला. "हे बघ, विश म्हणजे मिळालं तर बरं. होप म्हणजे नाही मिळालं तर तोंडं वाकडी होतील. एक्स्पेक्ट म्हणजे ठेवायला कपाटात जागासुद्धा करून झालीय. पण वॉन्ट एकदाही म्हणाले नाहीत हं! लोक सभ्य आहेत."

हे सांगताना त्यांचा चेहरा काय खुलला होता! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. चहाचा ट्रे उचलला आणि मी बाहेर गेले.

मुलाने तोवर एकदाच तोंड उघडलं होतं, आणखी पोहे मागायला. तेही मराठीत.

ट्रे ठेवला आणि मुलाच्या वडिलांना विचारलं, "काकाजी, फ्रिजला विश, स्कूटरला होप, दागिन्यांना एक्स्पेक्ट. माझ्यासाठी कोणता शब्द आणलाय?"

काकाजींनी मुलाकडे पाहिलं, मुलाने बशीत. मग सगळे बाबांकडे बघू लागले. शब्दांचे अर्थ सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते मग उठले, दारात गेले आणि वाकून पाहुण्यांच्या चपला एकेक करून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.