काकांचं करवंदाचं पिंप

आधीच माफी मागतो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि एखाद्या माणसावर लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यात हे लिखाण बीअरविषयी आहे आणि मी बीअर पीत नाही. माझे वडील माळकरी आहेत. हे त्यांच्या हाती पडलं तर काय, ही धास्ती आहेच. तरी लिहितो, कारण शिवाजी पेठेतले माझे घरमालक काका यांच्याइतका जिभेला जपणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात झाला नसेल, असं मला खरोखर वाटतं. जिथे नाकाडोळ्यांतून पाणी आल्याशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही, त्या गावात हे काका भाजीत मिरची घालू देत नसत. "जीभ भाजून घेतली की संपलं. मग बेल्जियम काय आन् बिंदू चौक काय, सगळं सारखंच," असं ते म्हणत.

बेल्जियमचं कारण असं. काका आयुष्यभर एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत होते. निवृत्त झाल्यावर मुलीच्या बाळंतपणासाठी ते आणि काकू बेल्जियमला गेले. काकूंनी तिथे डिंकाचे लाडू वळले, बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं. काकांनी शेजारच्या एका म्हाताऱ्याशी दोस्ती केली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या म्हाताऱ्याने एके दिवशी ओकच्या लाकडी पिंपात काही वर्षं मुरवलेली, आंबट चेरी घातलेली बीअर पुढे केली, आणि काका जे गप्प झाले ते विमान मुंबईला उतरेपर्यंत. "नातवाचं तोंड बघून रडले न्हाईत, आन् बीअर पिऊन डोळ्यांत पाणी," हे काकू घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. तेव्हापासून मुलगी येताना बाळाच्या झबल्यांत गुंडाळून दोन बाटल्या आणायची.

ती बाटली उघडायची म्हणजे एखादं कार्यच असे. रविवारी सकाळी, पोट हलकं असताना. आदल्या दिवसापासून घरात उदबत्ती बंद, फोडणी बंद, डोक्याला तेल बंद. उन्हाळा असला तर आणखी पंचाईत, कारण ते चटणीचे दिवस. समोरच्या डंकावर मिरची कुटायला लागले की सगळी गल्ली ठसकायची. काका डंकवाल्याला विनवायला जात.

"काका, तुमच्या दारूपायी आयाबायांची वर्साची चटणी थांबवू व्हय?"

"दारू न्हाय, बीअर हाय. आन् बीअरबी न्हाय, ते म्हंजे..." असं म्हणून काका तिथेच उभे राहत. पुढचा शब्द त्यांना कधी सापडला नाही.

एकदा त्यांनी तालमीतल्या जुन्या मित्रांना बोलावलं. त्यांतले एक तालमीच्या फुटबॉल संघाचे एकेकाळचे गोलकीपर. ते आनंदाने सुक्क्या मटणाचा डबा घेऊन आले, तर काकांनी डबा जिन्यातच ठेवून घेतला. मी पाण्याची मोटर चालू करायला सांगायला वर गेलो होतो, तो दारातच अडकलो. काकांनी प्रत्येकाच्या ग्लासात दोन बोटं ओतली. रंग गडद, जांभळ्याकडे झुकलेला. "घोट घ्यायचा न्हाय. आधी नाक. मग जिभेचं टोक, मग कडा. गिळलं की गप बसायचं. आधी लाकूड येतंय, चेरी मागनं येती." तोवर गोलकीपरनी ग्लास रिकामा करून तोंड वेडंवाकडं केलं होतं.

"आंबलीया की रं! परत दे दुकानदाराला."

"आंबटच असती ती."

"आन् एवढीशीच? पूजेचं तीर्थ वाटतोस व्हय?"

काकांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांच्या घरात राहून मला बरेच दिवस झाले होते, तरी मी त्यांच्या लेखी पावणाच. "पावणं, प्यायची नसली तर ऱ्हाऊ दे. नुसता वास तर घ्या." मी भीत भीत ग्लास नाकाशी नेला. शेवटी जे वाटलं तेच बोललो. "आमच्या गोठ्याचा येतोय, काका. पावसाळ्यातला. भिजलेलं लाकूड, ओला कडबा... आणि मागून करवंद."

"गोठ्याचा येतोय तर ठेवा की म्हशीम्होरं!" गोलकीपर म्हणाले, आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ते म्हातारंबी हेच सांगत हुतं. डोक्याला बोटं लावून शिंगं करून दाखवायचं. मला वाटलं, भांडतंय."

करवंद हा शब्द मात्र काकांनी सोडला नाही. "केकवरची चेरी म्हंजे तरी काय असती? पाकात घातलेलं, रंगवलेलं करवंदच. मग बीअरला का चालू न्हाय?" त्यांच्या पुतण्याचा पुण्याजवळ परवान्याचा छोटा बीअरचा कारखाना होता. तिथेच त्यांनी बीअरचं एक लाकडी पिंप स्वतःसाठी ठेवून घेतलं. मे महिन्यात भुदरगडच्या आमच्या डोंगरातली करवंदं माझ्या आईने बुट्टी भरून दिली. कशाला हवीत असं तिने विचारलं, तेव्हा "मुरवायला पायजेत" असं काकांनीच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. बुट्टी मांडीवर घेऊन ते एसटीने पुण्याला गेले. आल्यावर म्हणाले, तीन वर्षं तरी लागतील.

"तवर तुमी मुरताय का ती मुरतीया, बघूया," काकू म्हणाल्या.

पुढच्या वर्षी काकांच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनच्या लाइटी दिल्या. गाठ गेली, पण जाताना चव घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीही येणार. रोज सकाळी काका डोळे मिटून जीभ पुढे काढत आणि काकू तिच्यावर काहीतरी ठेवत. "साखर?" ते विचारत. काकूंच्या बोटाला मीठ असे. मग त्यांनी भाजीत मिरची घालू दिली. डंकवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं, रविवारीबी चालू ठेव. काकांचं एकच उरलं होतं. "पिंप उघडंपर्यंत चव येणार बघा. त्येला घाई न्हाय, मलाबी न्हाय."

पुतण्याचा धंदा बसला. कारखाना विकला गेला. नव्या मालकाच्या माणसाने पिंप उघडलं, वास घेतला, आणि नासलं म्हणून गटारात ओतून पिंप धुऊन ठेवलं. पुतण्याचा फोन काकूंना आला. त्या माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"ह्यांना सांगायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "गोड कळंना, तिखट कळंना. त्यांना खरं कळून काय करायचंय? असू दे पिंप त्यांच्यापुरतं."

मी मान हलवली. त्यानंतर जिन्यात भेटले की काका थांबवायचे. "आता लाकूड उतरलं असंल तिच्यात." मी हो म्हणायचो. पुढे वारणानगरला नोकरी लागली आणि मी खोली सोडली. सुटलो असं वाटलं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

काल संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या हसत होत्या की रडत होत्या, समजेना. "आज आमटीत आमसूल जरा जास्तच पडलं रं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच घासाला थांबले. माझ्याकडं बघितलं आन् म्हणाले, आंबट झालीया." मागून काकांचा आवाज आला, आजारपणाआधी असायचा तसा, गल्लीला ऐकू जाईल एवढा: "पावण्याला म्हणावं, रजा काढ! पुण्याला जायाचं हाय!"

काकूंनी फोनवर हात ठेवला. लांबून फक्त काकांनी आणखी आमटी मागितलेली ऐकू आली.