अकरा उतारू आणि तीन डबे

क्लिफर्ड ड्यूहर्स्टने आगगाडीचा छोटा डबा परसातल्या शेडच्या खिडकीपाशी उजेडात धरला आणि त्याच्या तोंडून असा काही शब्द निघाला की स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, ब्रेंडाने, विचारलं, "कुणाला रे?"

"काचांना!"

सप्टेंबरची सतरा तारीख, मंगळवार, सकाळचे सव्वादहा. तिसऱ्या डब्याच्या सोळाही खिडक्यांवर पांढरट धुकं बसलं होतं, आणि ते पुसून जाणारं नव्हतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ आत कोंडली की प्लास्टिकच्या काचेला मोतीबिंदू होतो, ही गोष्ट क्लिफर्डला माहीत नव्हती असं नाही. छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबात कुणी नवा आला की तो पहिल्यांदा हेच बजावायचा. आणि सोमवारी संध्याकाळी, घाईघाईत, त्याने स्वतः तोच गोंद वापरला होता.

रविवारपर्यंत डबे तयार हवेत, नाहीतर कधीच नकोत, अशी वेळ आली होती. क्लिदरो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या नॉर्मन ऑर्मरॉडच्या बागेत गेली एकतीस वर्षं आगगाडी धावत होती. दोन बोटं रुंदीचे रूळ सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून काचघरामागून यायचे, आणि त्यांवर खरं पाणी, खरी वाफ, खरी शिट्टी असलेलं इंजिन पाटीच्या दगडाने भरलेल्या वाघिणी ओढायचं. आता नॉर्मनचं खुब्याचा सांधा बदलला होता, मुलीने स्टॉकपोर्टला तळमजल्यावरची जागा बघितली होती आणि घर विकलं गेलं होतं. घेणाऱ्यांना सपाट हिरवळ हवी होती. रविवारी शेवटची गाडी धावायची आणि सोमवारी रूळ उचलायचे, असं ठरलं होतं.

त्या बागेतल्या स्टेशनावर लाकडाचे अकरा उतारू उभे होते. नॉर्मनच्या बायकोने, मार्जरीने, ते स्वयंपाकघरातल्या सुरीने कोरले होते आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून रंगवले होते. टोपीवाली शिक्षिका, बदक काखेत धरलेली बाई, पाद्री, दोन जुळ्या बहिणी. हिवाळ्यात ते बिस्किटांच्या डब्यात जायचे आणि ईस्टरला पुन्हा फलाटावर यायचे. पण त्या मार्गावर उतारूंची गाडीच नव्हती. मार्जरी चहा देताना म्हणायची, "क्लिफ, आमची माणसं अजून उभीच आहेत हं. पाय दुखले बिचाऱ्यांचे."

सात वर्षांपूर्वी क्लिफर्डने शब्द दिला होता, "मी बनवतो डबे." चार वर्षांपूर्वी मार्जरी गेली. तिच्या मातीनंतरच्या चहाला नॉर्मनने डब्यांचा विषय काढला नाही, आणि त्याने तो काढला नाही हेच क्लिफर्डला जास्त लागलं.

आळशीपणा हे कारण नव्हतं. अडतीस वर्षं क्लिफर्ड बसगाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यात शेवटच्या तपासणीवर होता. हातात खडू, आणि जिथे पत्रा केसभर वर आला असेल तिथे फुली. फुली पडलेली गाडी फाटकाबाहेर जात नसे. लोक त्याच्या पाठीमागे बोटं मोडत, पण त्याच्या हातून गेलेली गाडी पावसात गळली नाही हेही कबूल करत. निवृत्त झाल्यावर तपासायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून तो स्वतःचंच काम तपासू लागला. कुठल्याशा बंद पडलेल्या अरुंद मार्गाचे कारखान्यातले मूळ नकाशे त्याने मिळवले आणि एकोणिसाव्या हिश्श्यात उतरवले. पहिला डबा चार वेळा बांधला, चार वेळा मोडला. एकदा दारावरची पट्टी अर्धा मिलिमीटर जाड झाली होती, एकदा चॉकलेटी रंगात तांबूस झाक आली होती. क्लबातली माणसं म्हणत, तीन फुटांवरून बरं दिसलं की बरं आहे. क्लिफर्डला ते वाक्य ऐकलं की दात आंबल्यासारखं होई.

"नॉर्मनचा फोन," ब्रेंडा शेडच्या दारात आली. "डबे येताहेत का विचारतोय."

"येताहेत म्हण."

"मागच्या वर्षीही मी हेच म्हटलं होतं. त्याला आता माझाच आवाज खोटा वाटत असेल." तिने धुरकट काचा पाहिल्या. "धुकं पडलेल्या दिवसाची गाडी आहे म्हणून सांग की."

"ब्रेंडा, जा."

"जाते. सूप गार होतंय. आणि कपडे वाळवायच्या कपाटातून तुझी ती छपरं काढ, माझे टॉवेल तीन आठवडे खुर्चीवर आहेत."

चार दिवस तो खरवडत होता. सोळा काचा काढल्या, त्यात दोन ठिकाणी चौकटीचा रंग उडाला, तो पुन्हा लावला, तो वाळेना, म्हणून केस वाळवायचं यंत्र आणलं, त्याने रंगाला फोड आले. शुक्रवारी दुपारी त्याने पॉलिश पेपर भिंतीवर फेकून मारला आणि तो हलक्या पानासारखा तरंगत परत पायाशी आला, याचाही त्याला राग आला.

शनिवारी छपरं बसवायची होती. इतर लोक छप्पर नुसतं वर ठेवतात किंवा दोन स्क्रू लावतात, म्हणजे ते निघतं. पण मग भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये एक बारीक रेघ दिसते. खऱ्या डब्याला अशी रेघ नसते. क्लिफर्डने तिन्ही छपरं पक्क्या गोंदाने चिकटवली, सांध्यात पुट्टी भरली, घासली, रंगवली. संध्याकाळी सातला त्याने भिंग लावून पाहिलं. रेघ नव्हती. सात वर्षांत पहिल्यांदाच फुली मारायला त्याला जागा सापडली नाही.

रविवारी नॉर्मनच्या बागेत क्लबातले आठनऊजण होते. डुकराच्या मांसाची पेस्ट्री, पोटभर सँडविचेस, किटलीभर चहा. नॉर्मन घडीच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांवर आडवी. क्लिफर्डने तिन्ही डबे रुळांवर ठेवले. क्लबाचा चिटणीस नेव्हिल चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकला.

"दारांच्या मुठी फिरतात?"

"फिरतात."

"कोण फिरवणार त्या?"

"मुठी आहेत, म्हणून फिरतात," क्लिफर्ड म्हणाला.

नॉर्मन खुर्चीतून पुढे झुकला. मग म्हणाला, "देखणे आहेत रे, क्लिफ." आणि खुर्चीखालून बिस्किटांचा डबा काढून झाकण उघडलं. "चला, बसवू या मंडळींना. छप्पर कसं निघतं?"



"निघत नाही."

"निघत नाही म्हणजे?"

"चिकटवलंय. रेघ दिसत होती."

"कसली रेघ?"

क्लिफर्डने डब्याच्या दाराकडे पाहिलं. दार जेमतेम अंगठ्याएवढं रुंद. त्यातून बदकवाली बाई जाणं शक्य नव्हतं, बदकाशिवायसुद्धा नाही. नेव्हिल घसा खाकरून म्हणाला, "आज रिकामीच पळवू की. फलाटावर उभे राहतील ते, नेहमीसारखे."

"नेहमीसारखे," नॉर्मन म्हणाला आणि झाकण लावायला लागला. रागावलाही नाही. तो रागावला असता तर क्लिफर्डला बरं वाटलं असतं.

"थांब," क्लिफर्ड म्हणाला. "पटाशी आहे का तुझ्याकडे?"

पहिल्या डब्याचं छप्पर निघायला वीस मिनिटं लागली. पुट्टीचा कपचा उडाला, पांढऱ्या रंगाची लांबच लांब साल निघाली आणि भिंतीच्या वरच्या कडेला तडा गेला. प्रत्येक आवाजाला क्लिफर्ड डोळे मिटत होता. एकदाचं छप्पर हातात आलं. आत मेणकापडाची बाकं, पितळी सामानाच्या फळ्या, सगळं जिथल्या तिथे. त्याने शिक्षिकेला उचललं आणि बाकावर बसवायला गेला. ती आडवी झाली. पुन्हा बसवली, पुन्हा आडवी.

"अरे, ती उभी आहे," नेव्हिल म्हणाला.

"ते दिसतंय मला!"

"म्हणजे तिला गुडघे नाहीत. कुणालाच नाहीत. मार्जरीने फलाटासाठी केली होती ना ती."

मागे कुणीतरी हसू आवरलं. क्लिफर्डने खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला आणि शिक्षिकेची उंची मोजली. मग पाद्र्याची. मग जुळ्यांची. जुळ्या बहिणींतच चार मिलिमीटरांचा फरक होता. मार्जरीने अंदाजाने कोरलं होतं. एकोणिसावा हिस्सा नाही, अठरावा नाही, काहीच नाही. खरोखरीच्या मापाने पाद्री सव्वासहा फुटांच्या वर गेला असता आणि शिक्षिका टोपीसकट सात फूट. सात वर्षं त्याने खिळ्याच्या डोक्यापर्यंत सगळं मोजलं होतं. ज्यांच्यासाठी डबे, त्यांना एकदाही मोजलं नव्हतं.

"त्यांच्या पायाखालच्या चकत्या कापल्या तर," तो घाईने म्हणाला, "सहा मिलिमीटर वाचतील..."

"हात लावायचा नाही," नॉर्मन म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण काठी खाली टेकवली होती. "तुला काय कापायचं ते तुझं काप."

"माझं? माझं नकाशाबरहुकूम आहे, नॉर्मन! चुकीची माणसं आहेत ही!"

"असतील. पण वाट बघत उभी होती ती ही होती. नकाशातली नव्हती."

क्लिफर्डने पक्कड मागितली. बाकं एकेक करून उपटली, मेणकापडासकट. एक बाक निघताना तळाची फळी घेऊन आलं. एका डब्यात चौघांहून जास्त मावेनात, म्हणून दुसऱ्या डब्याची आणि तिसऱ्याचीही छपरं काढावी लागली. तिसऱ्या डब्याच्या दोन नव्या काचा निखळून गवतात पडल्या. त्या त्याने शोधल्याही नाहीत. अकराजण उभे राहिले, दाटीवाटीने, सगळ्यांची डोकी भिंतींच्या वर. छपरं परत बसणं शक्यच नव्हतं. शिक्षिकेची टोपी भिंतीच्या वर दोन बोटं डोकावत होती.

"मेंढरं बाजाराला निघाल्यासारखी दिसतात," क्लिफर्ड म्हणाला. "शी!"

"सोड गाडी," नॉर्मन म्हणाला.

इंजिनाने शिट्टी दिली. गाडी फलाटावरून निघाली, सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून गेली, काचघरामागे दिसेनाशी झाली आणि पुन्हा आली. डबे वळणावर हलले नाहीत, चाकं रुळांवरून घसरली नाहीत. चालीत खोट काढायला जागा नव्हती, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सगळे त्या वेड्यावाकड्या डोक्यांकडे बघून हसत होते आणि हात हलवत होते. नॉर्मन हसत नव्हता. गाडी समोरून गेली की त्याची मान तिच्याबरोबर फिरायची.

चौथ्या फेरीला बारीक पाऊस सुरू झाला. क्लिफर्ड पुढे झाला. "बंद कर. आत वॉर्निश आहे, डाग पडतील."

"अजून एक," नॉर्मन म्हणाला.

"फळी फुगेल!"

"क्लिफ, अजून एक."

पाचवी झाली, सहावीही झाली. इंजिनातलं पाणी तापवणारा वायू संपला तेव्हा गाडी काचघरामागेच थांबली आणि नेव्हिलला ती हाताने ढकलत आणावी लागली.

क्लिफर्डने रुमालाने डबे पुसले आणि खोक्यात भरायला घेतले. "घरी नेतो. भिंती बोटभर उंच करतो, तडा भरतो, छपरं नवी करतो. तुझ्याकडे आणून देतो स्टॉकपोर्टला."

"कधी?"

क्लिफर्डने पुढचा डबा पुसायला घेतला.

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे," नॉर्मन म्हणाला. "ठेव ते इथे. असेच."

"असे? तडा गेलेले? लोक बघतील, विचारतील कुणी बनवले!"

"सांगीन मी."

क्लिफर्डने खोकं दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. शेवटी त्याने डबे बाहेर काढून नॉर्मनच्या बाजूच्या टेबलावर ओळीने मांडले. उतारू आतच होते. एक कपचा उडालेली कड त्याने मागच्या बाजूला वळवली. नॉर्मनने ती पुन्हा पुढे वळवली.

तीन छपरं तेवढी क्लिफर्डने बरोबर घेतली. मोटारीत ती मांडीवर ठेवून बसला. ब्रेंडा गाडी चालवत होती.

"धावली ना?" पूल ओलांडताना तिने विचारलं.

"धावली," तो म्हणाला. "पण काय ते ध्यान! तू पाहायला हवी होतीस ती टोपी!" आणि खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून तो छपराची उडालेली कड घासू लागला.

"ते आता कशावर बसणार आहे?"

"कड वाईट दिसतेय," क्लिफर्ड म्हणाला.