सुनीलचा पुसलेला चेहरा

नेवाशातल्या रज्जाकभाईंच्या स्टुडिओत पूर्वी मागच्या खोलीत फोटो धुवायची डार्करूम होती. मुलगा रमीजनं शाईचा प्रिंटर आणला, तसं त्या खोलीत लग्नाच्या अल्बमचे खोके साचत गेले.

उन्हाळ्यात घोडेगावहून छबूबाई आल्या. त्यांचा थोरला सुनील विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागून गेला, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. त्याचा दहावीच्या वेळचा काळा-पांढरा फोटो रज्जाकभाईंनीच मोठा करून दिला होता. आता त्या फोटोला वाळवी लागली होती.

"तसलाच द्या, भाऊ. काच नको. रोज सकाळी वल्ल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसते मी."

"तसलाच देतो, मावशी."

निगेटिव्ह सापडली. पण डार्करूम रिकामी करायची, पुण्याहून कागद आणि औषधं मागवायची, कोण करणार? भाईंनी निगेटिव्ह स्कॅन केली आणि प्रिंटरवर फोटो काढला. दिसायला जुन्यापेक्षा झकास होता. ही शाई पाण्यानं जाते, हे मात्र ते बोलले नाहीत.

थोड्याच दिवसांत छबूबाई परत आल्या. पिशवीतून फोटो काढला. डोळे, नाक, ओठ, सगळ्याची काळी राड झाली होती.

"माझ्याच हातानं पुसला ओ मी त्याला," त्या रडू लागल्या. "जोरात घासलं आसंल. तुमी एवढा चांगला केल्ता."

खरं सांगायची हीच वेळ होती. भाई म्हणाले, "राहू द्या, मावशी. दुसरा करून देतो."

घरी जेवायला बसले आणि ताट तसंच बाजूला सारलं. बायको शरिफानं विचारलं, "काय झालं?"

"म्हातारी स्वतःला दोष देत होती, आणि मी ऐकून घेतलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोके बाहेर काढले. रमीज म्हणाला, "अब्बा, पाण्याला टिकणारी शाईपण मिळते."

"मिळत असेल. मी तसलाच देतो म्हणालो होतो."

पुण्याहून सामान आलं. लाल दिव्याखाली पहिले दोन कागद वाया गेले, हाताची सवय मोडली होती. तिसऱ्यावर औषधाच्या ट्रेमध्ये सुनीलच्या भुवया हळूहळू उमटल्या, मग तो अर्धवट हसू दाबलेला चेहरा. भाईंना त्याच्याकडे बघवेना.

फोटो घेऊन ते घोडेगावला गेले आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. "शाईचा होता, मावशी. पाणी लागलं की जाणारच. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता."

छबूबाईंनी फडकं भिजवून आणलं, नवा फोटो हलक्या हातानं पुसला. चेहरा जागच्या जागी राहिला.

"मी ह्या हातानं भाकरी थापायची बंद केल्ती," त्या म्हणाल्या. "सुनंला सांगितलं, ह्यो हात चांगला न्हाई. तवाच का न्हाई बोलला तुमी?"

भाईंनी हात जोडले. छबूबाई फोटो छातीशी धरून आत गेल्या. भाई थोडा वेळ ओट्यावर थांबले, मग एस.टी. स्टँडकडे निघाले.

आता गिऱ्हाईक आलं की, रमीज कितीही डोळे वटारो, रज्जाकभाई आधी पाण्याचं सांगतात. छबूबाई मात्र त्यानंतर दुकानात आल्या नाहीत.