रारोवचा सिनेमा

नम्रता मेश्राम हडपसरला दातांची डॉक्टर आहे. मंडईमागच्या गल्लीत दवाखाना आणि त्याच्याच वर घर. मूळची चंद्रपूरकडची, वरोऱ्याची. वडील सीताराम मेश्राम तिथे पोस्टमास्तर होते. ती शिकायला पुण्यात आली आणि इथलीच झाली. लग्न केलं नाही. त्याबद्दल चौकशी करणाऱ्या पेशंटच्या तोंडात ती ताबडतोब कापूस कोंबते.

तिला व्यसन एकच, सिनेमाचं. शनिवार पेठेत एका छापखान्याच्या वर एक फिल्म क्लब आहे. रविवारी दुपारी तिथे जुने, विसरलेले, पहिल्या फटक्यात न कळणारे सिनेमे दाखवतात आणि नंतर चर्चा होते. क्लब चालवायचा सलिल मेहेंदळे. खर्जातला आवाज, नेमके शब्द, आणि समोरचा बोलत असताना मान किंचित कलती ठेवून ऐकायची सवय. त्या कलत्या मानेवर नम्रता भाळली होती असं कुणी म्हटलं तर ती नाकारणार नाही. प्रेम वगैरे नव्हतं. आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकणारा माणूस तिला पहिल्यांदा भेटला होता, एवढंच.

क्लबला कुलूप लागलं की दोघं कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जाऊन बसत. कॅमेरा इथे का हलला, तिथे का नाही, संवाद पुसून टाकले तर हा सिनेमा उरेल का, अशा गोष्टींवर चहा गार होईपर्यंत वाद चाले. वर्षानुवर्षं हे असंच चालू होतं.

सीताराम मेश्राम गेले त्या वर्षी क्लबमध्ये एक जुना जपानी सिनेमा लागला. त्यात घरातली माणसं निघून जातात, पण कॅमेरा रिकाम्या खोलीत तसाच थांबतो. चर्चेत सगळे एकाकीपणाबद्दल बोलले. चहा समोर आल्यावर नम्रतानं तोंड उघडलं.

"सलिल, तो एकाकीपणा नाहीये."

"मग काय आहे?"

"बाबांना नेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. पंखा चालूच राहिला होता. बटण बंद केलं, तरी पाती फिरत राहिली. मी ती थांबेपर्यंत उभी होते. तो शॉट म्हणजे तेवढा वेळ आहे. बटण बंद केल्यानंतरचा."

सलिलची मान कलली. मग तो म्हणाला, "हे कुणाला सांगितलंस का?"

"नाही. आईलासुद्धा नाही."

काही महिन्यांनी सलिलनं सिनेमांवरचा पॉडकास्ट सुरू केला. बघता बघता तो गाजला. नम्रता दुपारी जेवताना ऐकायची. आपली वाक्यं त्याच्या तोंडून आलेली ऐकून तिला आधी हसू यायचं. एकत्र बोललेलं कुणाचं, हे कोण ठरवणार? पण एका दुपारी डबा उघडला असताना तो खर्जातला आवाज म्हणाला, "माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेलो. पंखा चालूच होता..."

पुढे पाती होती, बटण होतं, सगळं होतं. मध्ये त्याचा आवाज थोडा फाटलासुद्धा. योग्य जागी.

सलिलचे वडील, रंगनाथराव, शनिवार पेठेत ठणठणीत होते. गेल्याच महिन्यात नम्रतानं त्यांची अक्कलदाढ काढली होती.

तिनं फोन लावला. "सलिल, काका कसे आहेत?"

"बाबा? मजेत. का गं?" मग त्याच्या लक्षात आलं. "अगं, तो एपिसोड होय! ती सांगण्याची एक पद्धत असते. 'माझ्या एका मैत्रिणीचे वडील' म्हटलं की धार जाते. आणि खरं सांगू? तू ते कुठे बोलणार होतीस? वाया गेलं असतं."

"हं," नम्रता म्हणाली. "बरोबर आहे तुझं."

फोन ठेवून तिनं डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी ती जेवली नाही. भांडून काय मिळालं असतं? दोन दिवस बोलणं बंद, मग त्याची एक सुंदर, खर्जातली क्षमायाचना. ती तिला नको होती. त्यानं तिच्या वडिलांचं मरण उचलून स्वतःच्या नावावर लावलं होतं. तो चारचौघांत, दिव्याच्या उजेडात, उघडा पडलेला तिला पाहायचा होता.

रविवारी ती नेहमीसारखी क्लबला गेली. पुढच्याही रविवारी गेली. आणि एकदा चहा पिता पिता सहज म्हणाली, "तू रारोव पाहिलायस का रे? दिमितर रारोव. बल्गेरियन."

सलिलनं कप खाली ठेवला. "नाव ऐकलंय."

नम्रताला तेवढंच हवं होतं. दिमितर रारोव नावाचा कुणी दिग्दर्शक जगात नव्हता. तिनं तो दवाखान्यात, रूट कॅनाल करता करता घडवला होता.

"त्याची एकच फिल्म, 'रांग'," ती म्हणाली. "एका थिएटरसमोर माणसं तिकिटासाठी उभी आहेत. खिडकी उघडतच नाही. रांग वाढत जाते. आतल्या सिनेमावर माणसांची कडाक्याची भांडणं होतात, आणि तो कुणीच पाहिलेला नसतो."

"आपणही पाहत नाही?"

"शेवटपर्यंत नाही."

"वा," सलिल म्हणाला. त्याची मान कलली. आता त्या मानेचा अर्थ तिला कळत होता. "मिळेल कुठे?"

"मिळत नाही. सोफियाला एकच प्रिंट आहे म्हणतात. माझ्या मैत्रिणीनं तिथे पाहिली."

पुढचे काही रविवार तिनं त्याला रारोव घासाघासानं भरवला. रांगेतला एक म्हातारा, त्याच्या हातातली पिशवी, पावसातला लांब शॉट. सापळ्यावर पाटी लावावी तसं तिनं सिनेमातच सगळं सांगून ठेवलं होतं. न पाहिलेल्यावर बोलणारी माणसं, हाच त्याचा विषय. सलिलला ती पाटी वाचता आली नाही.

एपिसोड आला. "सोफियातली ती संध्याकाळ मी विसरणार नाही," सलिल म्हणत होता. "बाहेर बर्फ होता. थिएटरात मोजकी माणसं. सिनेमा संपल्यावर कुणी उठेना." मैत्रीण गायब झाली होती, बर्फ मात्र त्याचा स्वतःचा होता. नम्रतानं तो एपिसोड दोनदा ऐकला, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

लोकांनी तो उचलून धरला. एकानं लिहिलं, रारोव मी कॉलेजात असताना पाहिलाय, पण तेव्हा पचला नव्हता. एका मुलीनं विचारलं, नेटवर याचं काहीच का सापडत नाही? सलिलनं उत्तर दिलं, "म्हणूनच तर." क्लबच्या वर्धापनदिनी त्याचं व्याख्यान ठरलं, विषय रारोव. नम्रताला तेव्हा थांबता आलं असतं. ती थांबली नाही. उलट तिनं रंगनाथरावांना फोन करून आग्रहाचं आमंत्रण दिलं, "काका, मुलाचं भाषण आहे. पुढच्या रांगेत बसा."

सभागृह भरलं होतं. सलिल सुरेख बोलला. प्रश्न विचारायची वेळ आली तशी नम्रता उठली.

"सलिल, ती फिल्म तू स्वतः पाहिलीस ना?"

"हो. सोफियाला."

"शेवटी खिडकी उघडते तेव्हा आत काय दिसतं?"

खिडकी उघडतच नाही, असं तिनं त्याला सांगितलेलं होतं. सलिल आवाज खाली नेत म्हणाला, "आत अंधार दिसतो. आणि त्या अंधारात आपणच."

काहींनी माना डोलावल्या. एकानं टाळीही वाजवली.

"छान," नम्रता म्हणाली. "फक्त असा सिनेमाच नाहीये. कुणी काढलाच नाही. रारोव उलटं वाच. वरोरा. माझं गाव. दिग्दर्शक मी, आणि सोफियाला माझी कुणी मैत्रीण नाही."

आधी कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. सलिलनं माइक दुसऱ्या हातात घेतला. "नम्रता, हा एक प्रयोग..."

"अजून एक राहिलं." ती पुढच्या रांगेकडे वळली. "रंगनाथकाका, तुमचा मुलगा पॉडकास्टवर तुमच्या मृत्यूबद्दल फार सुंदर बोललाय. ते वडील माझे होते. सीताराम मेश्राम, पोस्टमास्तर, वरोरा. म्हटलं, तुम्हाला कळवावं."

म्हातारा सावकाश व्यासपीठाकडे वळला आणि मुलाकडे पाहत म्हणाला, "कधी गेलो मी?"

सलिलचा खर्ज कुठे गेला कोण जाणे. नम्रता त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं नीट बघायचं होतं. त्याचे कान लाल झालेले, हातातला माइक नुसताच खरखरतोय, लोक एकमेकांच्या नजरा चुकवत खुर्च्या सरकवतायत. मग तिनं पर्स उचलली आणि रिक्षा करून घरी आली.

पॉडकास्ट बंद पडला. रारोव कॉलेजात पाहिलेल्या गृहस्थानं आपली कमेंट पुसली. क्लब कसाबसा चालू राहिला, सलिलशिवाय.

रंगनाथराव एकदा दवाखान्यात आले. खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात.

"दात दुखत नाहीये," ते म्हणाले. "तुम्ही मला तिथे मुद्दाम बोलावलंत."

"हो."

"मला नसतं कळलं तरी चाललं असतं."

"मला चाललं नसतं, काका."

ते खुर्चीवरून पाय खाली सोडत म्हणाले, "त्याला माफ करा म्हणायला आलो नाही मी."

"मी करणारही नाही."

"ते दिसतंय," म्हणून ते उठले. दारापर्यंत गेले आणि त्यांनी विचारलं, "वडील कसे होते तुमचे?"

नम्रतानं तोंड उघडलं, पण तिला काही सांगता येईना. पंख्याची गोष्ट जिभेवर आली आणि ती सलिलच्या आवाजात आली, आवाज फाटतो त्या जागेसकट. ती नुसती म्हणाली, "चांगले होते." म्हातारा मान हलवून निघून गेला. त्या संध्याकाळी सलिलबद्दलचा तिचा राग नव्यानं, पहिल्यापेक्षा जास्त पेटला.

आता रविवारी दुपारी नम्रता दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतच सिनेमे दाखवते. भिंत पांढरी आहे, बाकडी आहेत. तिची मदतनीस श्रद्धा, मंडईजवळचे काही दुकानदार, आयटीतली पोरं असे लोक जमतात आणि नंतर तावातावानं भांडतात. एका रविवारी सिनेमा सुरू असताना दारात सलिल येऊन उभा राहिला. वाळला होता. तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

नम्रता उठून दारापाशी गेली. "बूट काढू नकोस," ती म्हणाली.

"मी नुसता ऐकायला आलोय."

"तेच नको आहे."

तो नाडी पुन्हा बांधेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. तो गल्लीच्या टोकाला वळलेला पाहिला, मग दार लावून आत आली. अंधारात चाचपडत बाकड्यावर बसली आणि श्रद्धाकडे झुकून हळूच म्हणाली, "मधलं काय झालं गं?"

"काही नाही, मॅडम," श्रद्धा भिंतीवरच्या सिनेमावरची नजर न काढता म्हणाली. "ती बाई अजून जिन्यातच उभी आहे."