कप्प्यांचं ताट

चोपड्याजवळच्या आमच्या गावात केळीचा घड कापून नेला की खोडाला कोणी विचारत नाही. ते तोडून बांधावर टाकतात आणि ते तिथेच कुजत पडतं. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, त्या खोडापासून जेवणाची ताटं करायची ठरवली, तेव्हा मी धुळ्याहून फोनवर हसले होते. अक्का हसली नाही. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हापासून कोणी हसलं तर आधी कारण विचारते.

तीन बायका हाताशी धरून तिने काम मांडलं. खोडाची सोपटं एकेक करून सोलायची, धुवायची, उन्हात वाळवायची. मग गव्हाच्या पिठाची खळ लावून ती एकावर एक चिकटवायची आणि तापलेल्या साच्यात दाबायची. ताट तपकिरी आणि हलकं निघायचं, त्याला वाळल्या चाऱ्याचा वास यायचा. यंत्र होतं भाऊच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भाऊ आमच्या दोघींच्या मधला. शेती त्याची, शेडही त्याचंच.

अडचण अशी, की ते शेड केळीच्या एका व्यापाऱ्यालाही हवं होतं. हल्ली केळी खोक्यांतून परगावी जातात, फणीफणीला फोम गुंडाळतात, आणि त्या खोक्यांना नि फोमला कोरडी जागा लागते. भाऊ वाईट माणूस नाही, पण तो हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणाराही नाही. त्याने अक्काला सरळ सांगितलं, की पोरीच्या हळदीला तुझ्याच ताटांत पंगत बसवू. टिकली तर शेड तुझं, नाहीतर लग्न उरकलं की व्यापाऱ्याला देतो. अक्का बरं म्हणाली आणि कामाला लागली. त्या शेडमधल्या कामाशिवाय तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, हे आम्ही तिघंही जाणून होतो.

थर्माकोलवर भाऊचा राग होता, तो वेगळ्या कारणाने. मागे गावातल्या एका लग्नानंतर उकिरड्यावरची उष्टी ताटं आमच्या गाईने खाल्ली. ती पोट फुगून गेली. भाऊ तिच्याजवळ बसून होता. त्यानंतर कुठल्याही जेवणाच्या दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन उकिरड्याकडे चक्कर मारायचा.

ताटं तयार झाली तेव्हा मी काही धुळ्याला नेली आणि दहावीच्या पोरांसारखी त्यांची परीक्षा घेतली. पाणी भरून ठेवलं, उकळती आमटी ओतली, दही ठेवलं. ताट हूं की चूं करेना. शिवाय ती दिसायलाही झकास होती, कारण अक्काने साचाच तसा करून घेतला होता. थर्माकोलच्या ताटाला असतात तसे तीन कप्पे, मध्ये उंच कडा. शहरातल्या गिऱ्हाइकाला कप्पे लागतात, असं तिचं म्हणणं. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं होतं.

हळदीला आमच्याकडे वरण-बट्टी असते. मांडवात पंगत बसली. वाढप्यांनी गव्हाच्या टणक बट्ट्या वाढल्या, वर तूप सोडलं. आता बट्टी काही कोणी पोळीसारखी तोडून खात नाही. ती ताटात घ्यायची, तळहाताने दाबून चुरायची, आणि चुऱ्याला आळं करून त्यात वरण घ्यायचं. जन्मभर आम्ही हेच करत आलो, आणि परीक्षा घेताना नेमकं हेच विसरलो. एवढ्याशा कप्प्यात बट्टी मावेना, म्हणून लोकांनी कडेवरच ती दाबली. कडा तडकल्या. तडकल्या जागेतून वरण खाली उतरू लागलं.

आमचे म्हातारे चुलते, आबा, पहिल्या रांगेत होते. पांढऱ्या धोतरावरचा पिवळा ओघळ त्यांनी शांतपणे पाहिला आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "वरण चांगलं शे, पन मन्हा मांडीले काबरं वाढी ऱ्हायनात?"

सगळी पंगत हसली. मलाही हसू आलं असतं, पण मी अक्काकडे पाहिलं. ती पदराने हात पुसत पुसत मांडवाबाहेर गेली.

दुसऱ्या पंगतीला भाऊने गावची स्टीलची ताटं मागवली. त्याला दोष देता येत नव्हता, पाहुणे उपाशी थोडेच ठेवायचे? मी शेडमध्ये गेले तर अक्का साच्याच्या शेजारी बसली होती. "आते शेड गयं," एवढंच ती म्हणाली. मी तिच्याजवळ बसले.

सकाळी मी आणि अक्का मागच्या दारी भांडी घासत होतो. उकिरड्यावर कालच्या उष्ट्या ताटांचा ढीग होता. दावं सुटलेली आमची नवी गाय त्यात तोंड घालून उभी होती. तेवढ्यात गोठ्याकडून भाऊ धावत आला, हातात काठी, "हय, हय" ओरडत. अनवाणीच आला होता. गाईच्या जवळ पोचला आणि थबकला. गाय कडकड आवाज करत ताट चावत होती. पिठाची खळ, वाळलेलं सोपट, वर वरण मुरलेलं. तिला आणखी काय पाहिजे?

भाऊची काठी हळूहळू खाली आली. तो गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तिने एक ताट संपवलं, दुसरं ओढलं, तरी तो हलला नाही. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, कप्पा काढी टाक. बट्टी चुराले जागा पाहिजे."

अक्काच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आनि शेड?" तिने विचारलं.

"शेडनी किल्ली तुन्हाजवळच ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाला, आणि गाईपुढे आणखी एक ताट सरकवलं.