कार्डांवर घेतलेला दोर

उचगावात आमच्या गल्लीतल्या आठजणींनी रस्सीखेच जिंकली, त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटली नाही. एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला बायकांच्या स्पर्धा होत्या. समोरचा संघ जिमला जाणाऱ्या बायकांचा, एकसारख्या टी-शर्टातला. आम्ही आपल्या साड्या खोचून उभ्या. पण आमच्याकडे सगळ्यात मागे, दोर कमरेला वेढून, गल्लीच्या टोकाची काकी होती. ती रोज म्हशींना ओढून धुवायला नेते. टाच रोवून ती जी मागे रेलली, ती शिट्टी वाजेपर्यंत इंचभर हलली नाही.

बक्षीस म्हणून प्रत्येकीला एकेक पाकीट मिळालं. आत चकचकीत कार्ड.

"ह्ये काय, एटीएम हाय?" काकीनं उलटसुलट करून विचारलं.

ऑनलाइन खरेदीच्या एका साइटचं ते गिफ्ट कार्ड होतं. मागच्या चंदेरी पट्टीखाली नंबर लपवलेला. काकी ते घेऊन किराणा दुकानात गेली, तर दुकानदार म्हणाला, "काकी, हितं न्हाय चालत ह्ये." घरी माझा नवरा म्हणाला, "एवढं वडून प्लॅस्टिक जिंकलासा व्हय?"

मी घरी ब्लाउज शिवते. लेस, हूक, मणी त्याच साइटवरून मागवते, त्यामुळे आठजणींत खातं फक्त माझं. कार्डाचा नंबर टाकला की त्यातले पैसे खात्यात जमा होतात, हे मला माहीत होतं. एकेका कार्डात फार तर एक चादर आली असती. सगळी एकत्र केली तर?

"दोर घेऊ या की," सगळ्यात पुढे उभी राहणारी अंगणवाडीची बाई म्हणाली. सराव आम्ही ट्रकवर माल बांधायच्या नायलॉनच्या दोरानं केला होता. तळहात सोलून निघाले होते. आठवडाभर मला सुई धरवत नव्हती. साइटवर स्पर्धेचा खरा दोर होता, जाड, मऊ सुताचा. आठही कार्डं घातली तरच तो येणार होता.

सगळ्यांचे पैसे माझ्या खात्यात, हे बोलायलाच मला अवघड वाटत होतं. एकीची सासू म्हणालीच, "आन् हिनं साडी घेतली तर गं?" तेव्हा काकीनं पहिलं कार्ड माझ्या मशीनवर आपटलं. "हिच्याकडं इतकी वर्सं ब्लाउज टाकतोय मी. कापडाची चिंधीसुदीक परत देती ही. कार्डाचं काय घिऊन बसलाय!"

मग एक जण नंबर वाचायची, मी फोनवर टाकायची. खात्यातली रक्कम वाढली की सगळ्याजणी ओरडायच्या. काकीचं कार्ड ढिगाच्या तळाशी, म्हणून सगळ्यांत शेवटी घेतलं आणि तिथंच गाडी अडली. तिनं घरीच पट्टी खरवडली होती, तीसुद्धा खुरप्यानं. पट्टीबरोबर नंबरातले दोन आकडेही गेले होते. मी अंदाजानं टाकून बघितलं. चूक. पुन्हा चूक. आणखी एकदा चुकलात तर खातं काही काळ बंद होईल, असं फोनवर आलं, तशी मी बोट मागे घेतलं.

"माझं ऱ्हाऊ द्या," काकी म्हणाली. "तुमच्या पैशात काय यील ते घ्या." आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. मैदानात आम्हा सगळ्यांचा भार पेलणारी बाई अशी जाताना बघून मला शिलाईच सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी साइटच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. हिंदी मनात जुळवून ठेवली होती. "भैया, हमारे काकी का कार्ड खरडा गया है. मतलब, खुरपे से."

पलीकडचा मुलगा हसला. "ताई, मराठीत बोला की. मी मलकापूरचा हाय."

मला खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं. त्यानं सगळं नीट समजावलं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, मागचा छोटा क्रमांक आणि ज्यांनी कार्ड विकत घेतलं त्यांची पावती पाठवायची. तपासून नवा नंबर देतील.

पावती पतसंस्थेत. मी काकीला घेऊनच गेले. साहेब म्हणाले, "आम्ही बक्षीस दिलं, आमचं काम झालं. जुन्या पावत्या कुठं शोधायच्या?"

काकीचा आवाज मुळातच गोठ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. "सायेब, स्टेजवर फोटू काढताना लई हसत हुता की! आता पावतीची झेरॉक्स द्या, मग परत हसू दोघंबी." रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. झेरॉक्स निघाली, वर चहाही आला.

नवा नंबर आला तेव्हा तो मी टाकला नाही. काकीच्याच हातात फोन दिला. एकेक आकडा पुटपुटत, मोठ्या अंगठ्यानं तिनं सावकाश तो भरला. हिरवी खूण उमटली, रक्कम वाढली आणि काकी एवढ्यानं ओरडली की शेजारच्या घरातून माणसं धावत आली. त्याच बैठकीत दोर मागवला. खोकं आणणारा घामाघूम होऊन म्हणाला, "वहिनी, दगूड मागवलायसा काय?"

त्या दोरावर आम्ही पावसाळाभर शाळेच्या मैदानात सराव केला. हात सोलले नाहीत. पाय एका तालात पडायला लागले. मग कोडोलीत बायकांचा सामना लागला. यजमान संघ दरवर्षी जिंकणारा, ढोल त्यांचे, गर्दी त्यांची. पहिली ओढ त्यांनी घेतली. दुसरी आम्ही. तिसऱ्या वेळी दोर इतका वेळ मधोमध थरथरत राहिला की ढोल वाजवणारेही थांबून बघत राहिले. मागून काकी गरजली, "आता वडा गं!" आणि समोरची पहिली बाई रेघ ओलांडून आमच्या अंगावर आली.

आम्ही काकीला खांद्यावर घ्यायला धावलो. सातजणींना ती उचलेना. शेवटी तिनंच अंगणवाडीच्या बाईला उचलून खांद्यावर बसवलं आणि कोडोलीच्या मैदानाला एक फेरी मारली.